नरकावरचा वाद आणि विश्वासाची कसोटी

नरकाचा विषय निघाला की ख्रिस्ती मंडळींमधला वाद हमखास दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक बाजू म्हणते, कधीही न संपणारी यातना नाकारलीत म्हणजे तुम्ही शास्त्रच नाकारलेत. दुसरी म्हणते, प्रेमळ देव असे करूच शकत नाही, ही भीती मध्ययुगातल्या धर्मगुरूंनी लोकांना धाकात ठेवण्यासाठी रचली. दोन्ही वाक्ये ठासून म्हणता येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले वाक्य म्हणणाऱ्यांना, सगळे शेवटी देवाकडे परततील असे मानणाऱ्या चौथ्या शतकातल्या ग्रेगरी या निस्साच्या बिशपाचे काय करायचे ते सुचत नाही. दुसरे म्हणणाऱ्यांना खुद्द येशूच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणारी बाहेरच्या अंधाराची, दात खाण्याची, न विझणाऱ्या अग्नीची भाषा दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे: शेवटचा न्याय हा ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्यातला भाग आहे, तो सोडता येत नाही. पण त्या न्यायानंतर दोषी ठरलेले सदैव यातना भोगतात, कायमचे नष्ट होतात, की शुद्ध होऊन शेवटी परततात, यावर चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतच एकमत नव्हते. यांपैकी एका उत्तराला विश्वासाची कसोटी बनवणे शास्त्रालाही धरून नाही आणि इतिहासालाही.

मुळात वाद बिघडतो तो तीन वेगळे प्रश्न एका शब्दाखाली कोंबल्यामुळे. मेल्यापासून पुनरुत्थानापर्यंत माणूस कुठे असतो, हा पहिला. न्यायानंतर दोषींचे काय होते, हा दुसरा. आणि दोषी ठरणार कोण, सुवार्ता ज्यांच्या कानावर कधी पडलीच नाही त्यांचे काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नावरचे वचन दुसऱ्यासाठी वापरले की सगळा युक्तिवाद घसरतो. लूकच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत माणूस आणि लाजर हे याचे नेहमीचे उदाहरण. श्रीमंत ज्वाळेत तळमळतो आहे, लाजराने बोटाचे टोक पाण्यात बुडवून जीभ थंड करावी म्हणून विनवतो आहे. झाले, अनंतकाळची यातना सिद्ध! पण उतारा पुढे वाचा. त्याचे पाच भाऊ अजून बापाच्या घरी जिवंत आहेत आणि त्यांना कोणीतरी सावध करावे अशी त्याची धडपड आहे. म्हणजे जग चालू आहे, पुनरुत्थान झालेले नाही, न्यायासन मांडलेले नाही. मराठी बायबलही त्या जागेला अधोलोक म्हणते, आणि प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात हाच अधोलोक आपल्यातले मृत परत देतो आणि मग स्वतःच अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. जी जागा शेवटी रिकामी होणार आहे, तिच्या वर्णनावरून शेवटानंतरच्या अनंतकाळाबद्दल काय ठरणार? तो उतारा दाखला म्हणून वाचा की हकिकत म्हणून, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

त्या पहिल्या प्रश्नावरही चर्च किती अडखळत पुढे गेले आहे ते पाहण्यासारखे आहे. १३३१ साली पोप जॉन बाविसावे यांनी आव्हिन्यों इथल्या प्रवचनांत सांगितले की नीतिमानांच्या आत्म्यांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचे साक्षात दर्शन होत नाही. पॅरिसच्या विद्वानांनी विरोध केला, वाद विकोपाला गेला, आणि १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले. त्यांच्या गादीवर आलेल्या बेनेडिक्ट बाराव्यांनी १३३६ मध्ये नेमके उलट मत अधिकृत केले. शुद्धिस्थानाचेही, म्हणजे मेल्यावर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेचेही, तसेच. १४३८ साली फेरारा इथे लॅटिन आणि ग्रीक चर्चचे प्रतिनिधी समोरासमोर बसले, तेव्हा ग्रीक बाजूच्या एफेससच्या मार्कने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शुद्ध करणाऱ्या अग्नीची कल्पना साफ नाकारली. मृतांसाठी प्रार्थना त्यांना मान्य होती, आग नव्हती. दुसऱ्या वर्षी फ्लॉरेन्सच्या ऐक्यपत्रात शुद्ध करणाऱ्या शिक्षा आल्या, अग्नी हा शब्द आला नाही. पुढे प्रोटेस्टंट सुधारकांपैकी ल्यूथरने मृतांबद्दल निद्रेची भाषा वापरली, तर कॅल्विनने आत्म्याच्या निद्रेविरुद्ध स्वतंत्र पुस्तकच लिहिले. इतकी मतांतरे पचवूनही या परंपरा ख्रिस्ती राहिल्याच ना?

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण खरी आग तिथे आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने सगळी सृष्टी शेवटी देवाकडे परत येईल अशी मांडणी केली. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. बहीण माक्रिना मरणाला टेकलेली असताना तिच्याशी झालेला संवाद म्हणून त्याने जे लिहिले, त्यात एक चित्र आहे: चिखलाचे थर वाळून घट्ट बसलेला दोर अरुंद भोकातून ओढून काढला, तर दोर बाहेर येतो आणि चिखल खरवडला जातो. दुष्टपणा जितका जाड चिकटलेला तितकी वेदना जास्त आणि लांब, पण ओढणाऱ्याचा हेतू दोर मिळवण्याचा, त्याला छळण्याचा नव्हे. हा ग्रेगरी पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे संत मानला जातो. त्याच शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या आर्नोबियसने दुष्टांचे आत्मे शेवटी नाहीसे होतात असे लिहिले. सातव्या शतकात निनवेच्या इसहाकाने लिहिले की नरकात बसणारे फटके हे प्रीतीचेच फटके आहेत. दुसऱ्या बाजूला टर्टुलियन होता आणि पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आला; अंत नसलेल्या यातनेची बाजू त्याने बांधली तितकी भक्कम कोणीच बांधली नाही. पण ४२१च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या छोट्या मार्गदर्शक पुस्तकात तो काय नोंदवतो? काही जण, किंबहुना पुष्कळ जण, अनंत शिक्षेच्या कल्पनेने कळवळतात आणि तसे होणार नाही असे मानतात. आणि हे लोक शास्त्राला उघड विरोध करत नाहीत, हेही तो मान्य करतो. ही साक्ष विरोधी पक्षाच्या सर्वांत मोठ्या वकिलाची आहे. तेव्हा 'चर्चने नेहमी एकच शिकवले' हे म्हणणे टिकत नाही.

ऑगस्टिनला काय सिद्ध करावे लागत होते तेही जवळून बघावे. शरीर कायम जळत राहील आणि तरी संपणार नाही, हे शक्य आहे काय, असा प्रश्न त्याला विचारला जात होता. आपल्या मोठ्या ग्रंथाच्या २१व्या भागात त्याने उदाहरणे गोळा केली: आगीत जगणारा सॅलॅमँडर, आतून तापलेले चुन्याचे दगड, आणि कार्थेजमध्ये त्याच्या ताटात आलेला शिजवलेला मोर. मोराचे मांस कुजत नाही असे ऐकले होते म्हणून त्याने छातीचा तुकडा बाजूला ठेवायला लावला. तीस दिवसांनी पाहिला तर दुर्गंधी नाही. वर्षाने पाहिला तर थोडा सुकलेला आणि आक्रसलेला, इतकेच. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसाला मोराच्या मांसाची साक्ष काढावी लागली, कारण त्याचे अविश्वासी विरोधक देवाच्या सामर्थ्याचा दाखला मानायला तयार नव्हते, त्यांना निसर्गातले उदाहरण हवे होते. पण शास्त्र पाहिले, तर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात माणसाने जीवनाच्या झाडाचे फळ खाऊन सर्वकाळ जगू नये म्हणूनच त्याला बागेबाहेर काढले आहे. मग न संपणारे आयुष्य दोषींना कुठून मिळाले? अमरत्व फक्त देवाजवळ आहे, असे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते.

आता विरोधी बाजूचे खरे बळ मान्य करायला हवे. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या पाचव्या विश्वपरिषदेने ओरिजेनचे नाव पाखंड्यांच्या यादीत घातले, आणि त्या परिषदेशी जोडलेली १५ निषेधकलमे 'पुनःस्थापने'चा, म्हणजे सगळे शेवटी देवाकडे परततील या मताचा, धिक्कार करतात. ही हलकी गोष्ट नाही. पण पहिल्याच कलमात धिक्कार आहे तो आत्म्यांच्या पूर्वअस्तित्वाचा आणि त्यातून निघणाऱ्या पुनःस्थापनेचा. आत्मे शरीराआधी होते, घसरले, पुन्हा वर जातील, असे ते संपूर्ण चक्र आहे. ग्रेगरी हे चक्र मानत नव्हता, आणि परिषदेने त्याला हातही लावला नाही. शिवाय ती १५ कलमे परिषदेच्या बैठकींच्या उपलब्ध इतिवृत्तात नाहीत. सम्राट जस्टिनियनचा त्यातला हात किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. दुसरा मुद्दा अथेनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकाराचा, म्हणजे विश्वासाच्या अधिकृत कबुलीचा. वाईट करणारे सार्वकालिक अग्नीत जातील असे त्यात स्पष्ट आहे. खरे आहे, पण ते शब्द मत्तयाच्या २५व्या अध्यायातलेच आहेत, आणि त्या शब्दांचा अर्थ काय हाच तर वाद आहे. उपासनेत मंडळी एकत्र म्हणतात ते प्रेषितांचा आणि निकियाचा हे दोन मतांगीकार. त्यांत ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास येईल असे आहे, पुनरुत्थान आहे, येणाऱ्या युगाचे जीवन आहे. यातनेच्या लांबीवर एक अक्षर नाही. कॅथलिक चर्चने मात्र १२१५च्या लॅटरन परिषदेपासून स्वतःला जास्त बांधून घेतले आहे, आणि १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथातही नरक सार्वकालिक असल्याचे म्हटले आहे. तिथल्या विश्वासूला हा प्रश्न माझ्याइतका मोकळा नाही. तरीही तोच ग्रंथ कोणीही हरवू नये अशी चर्चची प्रार्थना असल्याचे सांगतो, आणि अमुक एक माणूस नरकात आहे असा ठराव या चर्चने कधी केलेला नाही.

मत्तय २५:४६ हा अंतहीन यातनेच्या बाजूचा सर्वांत भक्कम खांब आहे आणि तो भक्कमच आहे. एकाच वाक्यात नीतिमानांना सार्वकालिक जीवन आणि इतरांना सार्वकालिक शिक्षा आहे. एक बाजू न संपणारी आणि दुसरी संपणारी, असे कसे म्हणता, हे ऑगस्टिननेच विचारले होते, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. शिक्षा काही काळाने संपते असे म्हणणाऱ्यांना हे वचन जड जाते. पण ज्याचा कायमचा नाश झाला त्याची शिक्षा संपली असे कोण म्हणेल? फाशी झालेल्या माणसाची शिक्षा दोर आवळण्याच्या काही मिनिटांपुरती असते काय? इब्रीकरांच्या पत्रात 'सार्वकालिक मुक्ती' आणि 'सार्वकालिक न्याय' असे शब्द आहेत. न्यायाचे कामकाज अनंतकाळ चालू राहणार आहे असा त्यांचा अर्थ कोणी लावत नाही. निकाल कायमचा आहे, एवढेच. मग शिक्षेपाशी आल्यावर मात्र नियम का बदलावा? मत्तयाच्याच १०व्या अध्यायात येशू म्हणतो की जो आत्मा आणि शरीर या दोहोंचा नरकात नाश करू शकतो त्याचे भय धरा. नाश या साध्या शब्दाचा अर्थ 'कधीही नाश न होणे' असा करायचा, तर त्यासाठी कारण द्यावे लागेल.

न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी मार्कच्या ९व्या अध्यायात आहेत, ते यशयाच्या अगदी शेवटच्या वचनातून घेतलेले. यशयात लोक बाहेर जाऊन जे पाहतात ती प्रेते आहेत. किडा प्रेताला लागला आहे, आग प्रेताला लागली आहे. ती थांबवणारा कोणी नाही म्हणून किडा मरत नाही आणि आग विझत नाही. तिथे कोणी ओरडत नाही. यहूदाच्या पत्रात सदोम व गमोरा सार्वकालिक अग्नीची शिक्षा भोगत असल्याचे म्हटले आहे, आणि पेत्राचे दुसरे पत्र तीच शहरे भस्म झाल्याचे सांगते. सगळ्यांत कठीण आहे ते प्रकटीकरण १४: श्वापदाची पूजा करणाऱ्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर चढतो, त्यांना रात्रंदिवस विसावा नाही. हे वचन नाशाची बाजू घेणाऱ्यांनी घाईने ओलांडू नये. माझे मत असे की धुराचे हे चित्र यशयाच्या ३४व्या अध्यायातून आले आहे. तिथे अदोमाची भूमी रात्रंदिवस विझत नाही, तिचा धूर सदासर्वकाळ वर चढतो, आणि लगेच पुढे त्याच भूमीत काटेझुडपे उगवतात, घुबडे राहतात, पाखरे घरटी करतात. उद्ध्वस्त नगरीचे हे ठरलेले चित्र आहे, आणि योहानाचे पुस्तक अशा चित्रांनीच बोलते. तरी २०व्या अध्यायात सैतानाला युगानुयुग पीडा होण्याचे जे वचन आहे, त्याने या बाजूला अडचण होते हे मी लपवत नाही.

सर्वांचे तारण होईल असे ठामपणे सांगणाऱ्यांचीही सोय शास्त्र करत नाही. रोमकरांस ५ आणि पहिले करिंथकरांस १५ इथे आदामात जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तात सर्व जिवंत केले जातील, ही पौलाची व्याप्ती खरोखर मोठी आहे. कलस्सैकरांस पत्रात आकाशातले आणि पृथ्वीवरचे सर्व काही समेटात आणले जाते. प्रकटीकरणातल्या नव्या नगरीच्या वेशी कधी बंद होत नाहीत. ही वचने 'सर्व प्रकारचे लोक' असा अर्थ काढून गुंडाळणे प्रामाणिकपणाचे नाही. पण त्याच येशूने नाशाकडे नेणाऱ्या रुंद वाटेवर पुष्कळ जण असल्याचे सांगितले, एका पापाची क्षमा या युगी नाही आणि येणाऱ्याही नाही असे म्हटले, आणि आपल्याला धरून देणाऱ्याबद्दल तो जन्मला नसता तर बरे झाले असते असे उद्गार काढले. शेवटी सर्व काही ठीकच होणार असेल, तर या इशाऱ्यांचे वजन उरते कुठे? सर्वांच्या तारणाची आशा धरता येते, त्यासाठी प्रार्थना करता येते. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, संध्याकाळी गुडघे टेकून अधोलोकात अडकलेल्यांसाठी मागणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चला ते शतकानुशतके ठाऊक आहे. पण आशा वेगळी आणि हमी वेगळी.

वचने बाजूला ठेवून न्यायाचा युक्तिवाद केला जातो, त्याचाही विचार हवा. अकराव्या शतकातल्या आन्सेल्म या धर्मपंडितापासून चालत आलेली मांडणी अशी: गुन्ह्याचे वजन ज्याचा अपमान झाला त्याच्या थोरवीवर ठरते, देव अनंत थोर आहे, म्हणून पाप अनंत आणि शिक्षाही अनंत. सरंजामी समाजात हे चटकन पटत होते, कारण तिथे शेतकरी कुळाचा अपमान आणि राजाचा अपमान यांचे दंड वेगळे होते. पण देवाने स्वतः दिलेल्या नियमशास्त्रात न्यायाचा नमुना कोणता आहे? लेवीय १९ सांगते की न्याय करताना गरिबाची भीड धरू नका आणि थोराचीही धरू नका. अनुवाद या पुस्तकाचा २५वा अध्याय फटक्यांना चाळिसाची मर्यादा घालतो, कारण त्याहून जास्त मारले तर तो भाऊ तुझ्या दृष्टीने तुच्छ ठरेल. येशूही लूकच्या १२व्या अध्यायात जाणून चुकणाऱ्या दासाला पुष्कळ फटके आणि न कळत चुकणाऱ्याला थोडे, असे प्रमाण सांगतो. थोडे फटके! न संपणाऱ्या शिक्षेत थोडे म्हणजे किती?

अलीकडे याहून चांगला युक्तिवाद पुढे आला आहे, आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो: देव कोणालाही नरकात डांबत नाही, माणसेच देवाला नाकारत राहतात, अनंतकाळ नाकारत राहतात, म्हणून शिक्षाही अनंतकाळ चालते. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९९ साली नरक म्हणजे जागा म्हणण्यापेक्षा स्वतःला देवापासून तोडून घेतलेल्यांची अवस्था असे समजावले होते. माणसाचे स्वातंत्र्य यात गंभीरपणे घेतले जाते, हे खरेच. पण मग देवाच्या सृष्टीचा एक कोपरा कायमचा बंडखोर राहतो. देवाने 'सर्वांमध्ये सर्व काही' व्हावे हा पौलाने सांगितलेला शेवट त्या कोपऱ्यापाशी अपुरा पडतो. आणि ज्याला जिवंत ठेवणारा देवच आहे, त्याला केवळ नकार देत राहण्यासाठी अनंतकाळ जिवंत ठेवायचे, हा निर्णय पुन्हा देवाचाच ठरतो, माणसाच्या निवडीचा उरत नाही.

राहिला भीतीचा मुद्दा. अंतहीन यातना काढली तर पश्चात्ताप कोण करील, सुवार्ता कोण सांगेल, असे कळकळीने विचारले जाते. प्रेषितांची कृत्ये उघडा. पेत्र आणि पौल यरुशलेमात, अंत्युखियात, अथेन्समध्ये बोलतात. येशूचे मरण, पुनरुत्थान, पापांची क्षमा आणि ठरवलेल्या न्यायाच्या दिवसाची घोषणा करतात. त्या भाषणांत नरकाच्या आगीचे वर्णन एकदाही नाही, तरी हजारो लोक मंडळीत आले. नरकाच्या आगीबद्दल जो गप्प राहतो त्याच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायची, तर ती प्रेषितांबद्दलही घ्यावी लागेल.

हे सगळे कागदावरचे भांडण नाही. मंडळ्यांची, संस्थांची, धर्मशिक्षण महाविद्यालयांची विश्वासपत्रके असतात, त्यांवर सही केल्याशिवाय पाळकपद किंवा नोकरी मिळत नाही, आणि त्यांपैकी अनेकांत दोषींच्या अनंत, जाणिवेसह यातनेचे कलम असते. अशा कलमांचे पुढे काय होते ते इंग्लंडच्या चर्चमध्ये दिसते. १५५३च्या ४२ कलमांपैकी शेवटचे कलम सर्वांचे तारण मानणाऱ्यांचा धिक्कार करत होते; दहा वर्षांत, १५६३च्या फेररचनेत, ते गाळले गेले. तीनशे वर्षांनी एका पाळकाने दुष्टांनाही शेवटी आसरा मिळेल अशी आशा लिहिली म्हणून खटला झाला, तेव्हा १८६४ साली अशा खटल्यांतले अंतिम अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने सांगितले की अशी आशा बाळगण्यास चर्चची मान्य कलमे मनाई करत नाहीत. जवळपास ११,००० पाळकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या, पण गाळलेले कलम परत आले नाही. १८४६ साली लंडनमध्ये इव्हँजेलिकल अलायन्स, म्हणजे बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांची संघटना, उभी राहिली तेव्हा दुष्टांच्या सार्वकालिक शिक्षेचा उल्लेख तिच्या पायाभूत कलमांत मुद्दाम घातला गेला. १९८८ मध्ये जॉन स्टॉट यांच्यासारख्या मान्यवर इव्हँजेलिकल शिक्षकाने अंतिम नाशाकडे आपला कल असल्याचे सावधपणे सांगितले, आणि २००० साली त्याच अलायन्सच्या ब्रिटनमधल्या अभ्यासगटाने या मतभेदाला दुय्यम प्रश्न मानावे अशी शिफारस केली. आज विश्वासपत्रक लिहिणाऱ्यांनी न्यायाचे, पुनरुत्थानाचे आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे कलम ठामपणे ठेवावे आणि यातनेच्या कालावधीचे कलम काढावे. ज्याला अंतहीन यातना शास्त्रातून दिसते त्याने ती जरूर शिकवावी, पण प्रकटीकरण १४ उघडताना मत्तय १० आणि यशयाचे शेवटचे पानही श्रोत्यांसमोर उघडावे, आणि वेगळे वाचणाऱ्या भावाबहिणीला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर करू नये.